घरचा एस्प्रेसो : दाब कोणाच्या हाताचा?

एका प्राध्यापक मैत्रिणीला घरी एस्प्रेसोचे यंत्र घ्यायचे होते. परवडण्यासारख्या चार यंत्रांची नावे, किमती आणि खोक्यावर छापलेले आकडे तिने गुणपत्रिकेसारखे एका कागदावर मांडून आणले होते, आणि त्यांतले कोणते घ्यावे एवढेच तिला माझ्याकडून हवे होते. मला ते सांगता आले नाही. त्याऐवजी मी तिला तासभर मिलान शहराचा इतिहास ऐकवला. तिने तो सोशिकपणे ऐकून घेतला आणि शेवटी विचारले, "ते सगळे ठीक आहे रे, पण घेऊ कोणते?" प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचे जरा उशिरा दिलेले उत्तर आहे. त्यात पुन्हा मिलान येईलच, कारण या निवडीचा पेच तिथेच तयार झालेला आहे.

पण आधी आपल्याकडचे. आमच्या पिढीच्या मराठी माणसाची 'एस्प्रेसो' या शब्दाशी पहिली गाठ पडली ती बहुधा लग्नाच्या हॉलमध्ये. पंगत उठल्यावर कोपऱ्यातल्या टेबलाभोवती गर्दी व्हायची. तिथे चकचकीत धातूचे एक यंत्र असे. त्याची नळी दुधाच्या भांड्यात बुडवली की शेजारच्याचे बोलणे ऐकू येणार नाही असा खर्जातला आवाज होई आणि कपाच्या काठापर्यंत फेस चढे. त्यावर चिमूटभर चॉकलेटची भुकटी. आत दूध, भरपूर साखर आणि इन्स्टंट कॉफी. या पेयाला मी नावे ठेवणार नाही. माझ्या लहानपणीच्या चैनीत त्याचे स्थान फार वरचे आहे. मात्र ज्या एका गोष्टीमुळे एस्प्रेसोला एस्प्रेसो म्हणायचे, ती त्यात नाही. त्या यंत्रातून केवळ वाफ येते. कॉफीच्या भुकटीतून दाबाने पाणी कधी जातच नाही. गंमत अशी की, इटलीत कॉफीमधून वाफ हद्दपार केली तेव्हा आजचा एस्प्रेसो जन्माला आला, आणि आपल्याकडे नाव पोचले ते वाफेला चिकटून. १९९६ साली बंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर 'कॅफे कॉफी डे'चे पहिले दुकान उघडले, २००० साली 'बरिस्ता' आले, आणि त्यानंतर आपल्या शहरांत कितीतरी जणांनी मोठ्या विश्वासाने एस्प्रेसो मागवून समोर आलेल्या कडू, काळ्या, दोन घोटांच्या कपाकडे पाहत राहण्याचा अनुभव घेतला असेल. मी घेतला आहे.

मूळ इटालियन शब्दात तीन अर्थ मिसळलेले आहेत. एक, दाबून बाहेर काढलेले. दुसरा, वेगाचे, एक्स्प्रेस गाडीतला. तिसरा, खास तुमच्यासाठी, तुम्ही मागितल्यानंतरच केलेले. शब्दकोशात हे अर्थ शेजारी नांदतात, इतिहासात ते एकदम आले नाहीत. वेग आणि 'खास तुमच्यासाठी' हे आधी आले. दाबाला खऱ्या अर्थाने यायला जवळजवळ अर्धे शतक लागले.

१८८४ साली तुरीन येथील प्रदर्शनात आंजेलो मोरियोंदो या हॉटेलमालकाने वाफेवर चालणारे कॉफीयंत्र मांडले आणि त्याचे पेटंट घेतले. त्याचे यंत्र एकावेळी पुष्कळशी कॉफी करी. गिऱ्हाइकापुरता एकेक कप नव्हे. ते काम मिलानच्या लुईजी बेझ्झेराने केले. १९०१ च्या त्याच्या पेटंटमध्ये मूठ असलेली छोटी चाळणी आहे. तीत एका कपापुरती भुकटी भरायची, ती यंत्राच्या तोंडाशी अडकवायची आणि उकळते पाणी व वाफ तीतून थेट कपात सोडायची. हे पेटंट देसिदेरिओ पाव्होनीने विकत घेतले, १९०५ पासून यंत्रे बनवायला सुरुवात केली, आणि १९०६ च्या मिलान प्रदर्शनात ही ताजी, तत्काळ कॉफी लोकांनी पाहिली. त्या काळची यंत्रे उभ्या घुमटासारखी होती, वर गरुड वगैरे बसवलेली. १९२२ साली लेओनेत्तो काप्पिएल्लोने 'व्हिक्टोरिया आर्दुइनो' कंपनीसाठी काढलेले भित्तिचित्र प्रसिद्ध आहे: आगगाडीच्या डब्यातून बाहेर झुकलेला माणूस यंत्राखाली कप धरून कॉफी भरून घेतो आहे. शब्दातला वेग इथे अक्षरशः रुळांवर आहे. चव मात्र, आजच्या मापाने, करपटच असणार. बॉयलरमधल्या वाफेचा दाब जेमतेम दीड बार, आणि पाणी नको तेवढे तापलेले.

या काळातली आणखी एक गोष्ट मला यंत्रांहून महत्त्वाची वाटते. १९११ च्या कायद्याने इटलीतल्या नगरपालिकांना जीवनावश्यक वस्तूंच्या कमाल किमती ठरवण्याचा अधिकार मिळाला, आणि त्या वस्तूंत 'सेवेविना घेतलेला कॉफीचा कप' होता. सेवेविना म्हणजे टेबलावर न बसता, उभ्याने. इटालियन माणूस काउंटरशी उभा राहून तीन घोटांत कॉफी संपवतो आणि चालू लागतो, याचे श्रेय आपण राष्ट्रीय स्वभावाला देतो. त्यातले बरेचसे त्या कायद्याला द्यायला हवे.

सांगायचा मुद्दा असा की, एस्प्रेसो ही मुळात घरची वस्तूच नव्हे. भाकरी, वरण, चहा हे घरातून बाहेर गेले. हॉटेलवाल्याने त्यांची नक्कल केली. एस्प्रेसोचा प्रवास उलटा आहे. तो सार्वजनिक जागेत, महागड्या यंत्रावर, पगारी आणि तरबेज माणसाच्या हातून, अनोळखी गिऱ्हाइकासाठी तयार झाला. तो घरी आणायचा तर यंत्र लहान करून भागत नाही. काउंटरपलीकडच्या त्या माणसाचे काय करायचे, हा प्रश्न उरतो. त्याचे कौशल्य घरातल्या कोणी शिकायचे, यंत्रात बसवायचे, की कंपनीकडे सोपवून मोकळे व्हायचे? घरगुती एस्प्रेसो-यंत्रांचा इतिहास म्हणजे या एका प्रश्नाची निरनिराळी उत्तरे आहेत, असे मला वाटते.

घरात आधी काय होते, याचे उत्तम चित्र एका नाटकात आहे. एदुआर्दो दे फिलिप्पो या नेपल्सच्या नाटककाराचे 'क्वेस्ती फान्तास्मी!' (ही भुते!) १९४६ साली रंगभूमीवर आले. त्यातला पास्क्वाले लोयाकोनो बाल्कनीत बसून कॉफी करतो आणि समोरच्या घरातल्या, प्रेक्षकांना कधीही न दिसणाऱ्या प्राध्यापकाला आपली कृती तपशीलवार समजावून सांगतो. त्याच्याकडे नेपल्सची उलटी करायची किटली आहे. पाणी उकळले की ती पालथी करायची, मग पाणी आपल्या वजनानेच भुकटीतून थेंबथेंब उतरते. सुगंध उडून जाऊ नये म्हणून तो तिच्या चोचीवर कागदाची टोपी चढवतो. नाटक म्हणून या प्रसंगाची जागा पाहण्यासारखी आहे. घरात भुते आहेत की नाहीत, बायकोचे काय चालले आहे, पैसे कुठून येतात, यांतले काहीही पास्क्वालेला कळत नाही. कॉफीबद्दल मात्र त्याला सगळे कळते. तेवढा एक व्यवहार पूर्णपणे त्याच्या हातात आहे. या कॉफीत दाब मुळीच नाही आणि घाईही नाही. घरची कॉफी ही अशी होती: संथ आणि करणाऱ्याच्या लहरीवर अवलंबून.

तिला पहिला धक्का दिला तो आल्फोन्सो बियालेत्तीच्या अष्टकोनी भांड्याने. उत्तर इटलीतल्या ओमेन्याजवळच्या क्रुसिनाल्लो गावी १९३३ साली 'मोका एक्स्प्रेस' तयार झाले. खालच्या भांड्यात पाणी, मधल्या गाळणीत भुकटी; पाणी तापले की वाफ त्याला वर ढकलते आणि कॉफी वरच्या भांड्यात जमते. नावातला 'एक्स्प्रेस' नीट पाहावा. बारमध्ये मिळते तसली कॉफी आता घरी, असे हे आश्वासन आहे. ते शब्दशः खरे नाही, कारण मोकातला दाब एक ते दोन बारच्या पुढे जात नाही. (तरीही कित्येक इटालियन घरांत आजही सकाळ तिच्यावरच सुरू होते, तेव्हा शब्दशः खरे असण्याला किती महत्त्व द्यावे, हा प्रश्न आहेच.) जेफ्री श्नॅप या अभ्यासकाने २००१ साली 'क्रिटिकल इन्क्वायरी' या नियतकालिकात कॅफीन आणि ॲल्युमिनियम यांच्या प्रेमकथेवर एक सुरेख निबंध लिहिला. वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांनी तो आवर्जून वाचावा; वस्तूचे वाचन संहितेसारखे कसे करायचे याचा तो वस्तुपाठ आहे. मुसोलिनीच्या इटलीत ॲल्युमिनियम हा 'राष्ट्रीय' धातू होता. १९३५ मध्ये इथिओपियावर आक्रमण केल्याबद्दल राष्ट्रसंघाने इटलीवर निर्बंध घातले, स्वयंपूर्णतेचा घोष वाढला, आणि देशी बॉक्साइटपासून होणारा हा हलका धातू आधुनिकतेची खूण ठरला. कॉफी मात्र परदेशीच राहिली. म्हणजे भांडे स्वदेशी आणि आतला माल आयात, असा हा संसार. खऱ्या अर्थाने मोका घराघरांत गेली ती युद्धानंतर, आल्फोन्सोचा मुलगा रेनातो याच्या जाहिरातींच्या जोरावर. २०१६ साली रेनातो वारला तेव्हा त्याच्या अस्थी एका मोठ्या मोकामध्ये ठेवण्यात आल्या.

आता दाबाकडे येऊ. मिलानच्या व्हियाले प्रेमुदा या रस्त्यावर आकिल्ले गाज्जाचा बार होता. वाफेने कॉफी करपते हे त्याला रोज दिसत होते. १९३८ साली त्याने वाफेऐवजी दट्ट्याने पाणी ढकलणारे पेटंट नोंदवले. मध्ये युद्ध आले. १९४७ मध्ये त्यात स्प्रिंग बसवली. तरफ खाली ओढली की स्प्रिंग दाबली जाते आणि गरम पाणी दट्ट्याखाली शिरते. तरफ सोडली की स्प्रिंग सैल होता होता ते पाणी आठ-नऊ बारच्या दाबाने भुकटीतून रेटते. दीड बारवरून एकदम नऊ! त्या दाबाखाली कॉफीतली तेले आणि वायू पाण्यात घुसळले जातात आणि कपावर तांबूस थर येतो. इटालियनमध्ये त्याला क्रेमा म्हणतात. मराठीत आपल्याकडे 'साय' हा शब्द तयारच आहे आणि तो मला अधिक आवडतो. गिऱ्हाइके आधी या थराकडे संशयाने पाहत, असे सांगतात. गाज्जाने त्यालाच जाहिरात केले: नैसर्गिक कॉफीची साय, वाफेविना. दोष म्हणून पाहिली जाणारी गोष्ट गुणाच्या जागी नेऊन बसवण्याचे काम एरवी समीक्षक करतात.

इथून घरासाठीची पहिली खरी यंत्रे निघाली. १९५२ साली गाज्जाच्या कंपनीने 'गिल्डा' नावाचे छोटे तरफयंत्र काढले. नावामागे रीटा हेवर्थचा १९४६ चा चित्रपट असल्याचे मानले जाते. १९६१ साली पाव्होनीच्या कंपनीची 'युरोपिकोला' आली. १९६७ मध्ये स्वित्झर्लंडमधून 'क्रेमिना' आली. युरोपिकोलात तर स्प्रिंगही नाही. उभा चकचकीत बॉयलर, त्यापुढे एक दांडा, आणि तो खाली रेटणारा तुमचा स्वतःचा दंड. नऊ बारचा दाब तुम्ही द्यायचा, तो किती झाला ते तुमच्या मनगटाला कळले पाहिजे. दळ बारीक असेल तर दांडा हलत नाही. जाड असेल तर तो धाडकन खाली येतो आणि कपात पांचट पाणी पडते. तीन-चार कप सलग केले की यंत्र इतके तापते की पुढची कॉफी पुन्हा करपट. बॉयलरमधला दाब उतरल्याशिवाय झाकण उघडायचे नाही, नाहीतर चेहरा भाजेल. म्हणजे बारमागच्या माणसाचे काय करायचे, या प्रश्नाचे इथले उत्तर स्पष्ट आहे: तो माणूस तुम्हीच व्हा.

या उत्तरातला विनोद एका चित्रपटाने बरोबर टिपला. १९७३ च्या 'लिव्ह अँड लेट डाय'च्या सुरुवातीला बाँडचा वरिष्ठ 'एम' भल्या पहाटे त्याच्या घरी येतो, आणि बाँड, म्हणजे रॉजर मूर, युरोपिकोलावर त्याच्यासाठी कॉफी करतो. दळणे, दांडा, वाफ, दुधाचा फेस असा मोठा खटाटोप चालतो. एवढे सगळे होऊन हाती एक कप कॉफीच येते, याचे 'एम'ला नवल वाटते. बाँडच्या हातातली ही एकच साधने अशी, ज्यांनी कोणी मरत नाही. आणि वरिष्ठाची शंका रास्त आहे. घरगुती तरफयंत्र विकत घेणारा माणूस कॉफीसाठी खर्च करतो की करण्यासाठी, हे त्याने स्वतःशी आधी ठरवावे. पास्क्वाले लोयाकोनोला हा प्रश्न पडला नसता.

तरफेची मक्तेदारी मोडली ती १९६१ मध्येच. 'फाएमा' कंपनीच्या 'ई ६१' या बारच्या यंत्रात दट्ट्याची जागा विजेच्या पंपाने घेतली. फेब्रुवारी १९६१ मध्ये इटलीतून खग्रास सूर्यग्रहण दिसले, त्यावरून हे नाव. आता दाब स्थिर, हवा तितका वेळ मिळणारा. कर्मचाऱ्याचा दंड सुटला. त्याच्याकडे कान, डोळे आणि दळाचा अंदाज एवढे उरले. घरापर्यंत पंप यायला आणखी दीड दशक गेले. १९७७ मध्ये गाज्जाची 'बेबी' आली, १९९१ मध्ये 'क्लासिक', १९९७ मध्ये रांचिलिओ कंपनीची 'सिल्व्हिया'. यांतला पंप फार साधा असतो: विजेच्या वेटोळ्यात लोखंडाचा छोटा दट्ट्या सेकंदाला पन्नासेक वेळा मागेपुढे थरथरतो आणि पाणी पुढे रेटतो. स्वस्त, लहान आणि बऱ्यापैकी गोंगाट करणारा. लग्नाच्या हॉलमधला आवाज अखेर घरात आला म्हणायचा.

दाब असा सुटला, पण तापमान सुटले नाही. बारच्या यंत्रात कित्येक लिटर पाणी आणि किलोंनी पितळ असते, म्हणून त्याची उष्णता हलत नाही. 'सिल्व्हिया'चा बॉयलर सुमारे ३०० मिलिलिटरचा, 'क्लासिक'चा मूळचा त्याच्याही एक तृतीयांश. एवढ्याशा पाण्याचे तापमान साध्या थर्मोस्टॅटवर खालीवर झोके घेते. शिवाय कॉफीला नव्वदच्या आसपास अंश लागतात आणि दुधाच्या वाफेला शंभराच्या वर. एकाच बॉयलरकडून दोन्ही हवे तर मध्ये थांबावे लागते. मग हौशी लोक दिव्याच्या उघडझापीवरून तापमानाचा अंदाज बांधू लागले, कोणी आतला थर्मोस्टॅट काढून अंकी नियंत्रक बसवले. यंत्रात बसवलेले कौशल्य असे पुन्हा माणसाने बाहेर ओढून काढले. पुढे दोन बॉयलरची किंवा 'ई ६१'चे जड पितळी तोंड बसवलेली घरगुती यंत्रे निघाली. २०१५ साली फ्लॉरेन्सच्या ला मार्झोक्को कंपनीने आपले बारचे यंत्रच लहान करून घरासाठी काढले. पण पितळ तापायला वेळ लागतो. 'ई ६१'चे तोंड नीट तापायला साधारण अर्धा तास हवा. सकाळी साडेसातला पहिले व्याख्यान असणाऱ्या माणसाने हा अर्धा तास हिशेबात धरावा. क्षणात मिळणारी म्हणून जिचे नाव पडले, त्या कॉफीची ही आजची घरगुती गती आहे.

इथे माझा स्वतःचा एक कबुलीजबाब देतो. मी घेतलेल्या पहिल्या यंत्राच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत '१५ बार' असे होते, आणि नऊपेक्षा पंधरा जास्त, या प्राथमिक शाळेतल्या ज्ञानावर मी ते घेतले. पंधरा हा पंपाचा कमाल जोर असतो. कॉफीला लागतात नऊच. इटलीतल्या एस्प्रेसोच्या राष्ट्रीय संस्थेने, जी १९९८ मध्ये स्थापन झाली, एका कपासाठी मानक ठरवले आहे: ७ ग्रॅम भुकटी, सुमारे ९ बार, २५ सेकंद आणि कपात सुमारे २५ मिलिलिटर. माझ्या यंत्राने साय मात्र भरपूर दिली. कोणतीही भुकटी घाला, महिन्यापूर्वी फोडलेल्या पुड्यातली घाला, साय तशीच यायची. पुढे कळले की तिच्या चाळणीला दोन तळ होते आणि खालच्या तळाला टाचणीएवढे एकच भोक. अडथळा भुकटीचा नव्हता, त्या भोकाचा होता. फेस तिथून फवारला जात होता. माझे दळणे चांगले की वाईट, याचा कपावर काहीच परिणाम नव्हता. शिकवणाऱ्या माणसाला ही स्थिती ओळखीची वाटेल: काहीही लिहिले तरी सगळ्यांना तेवढेच गुण. मला राग चवीपेक्षा त्याचा जास्त आला.

दोन तळांच्या चाळणीने जे गुपचूप केले, ते कॅप्सूलने उघडपणे आणि फार हुशारीने केले. नेस्ले कंपनीतल्या एरिक फाव्र या अभियंत्याने १९७६ मध्ये कॅप्सूलचे पेटंट घेतले; 'नेस्प्रेसो' या नावाने ती १९८६ मध्ये बाजारात आली. आधी कचेऱ्यांना विकून पाहिली, ते जमले नाही. १९८८ पासून झाँ-पोल गायार याच्या कारकिर्दीत मोहरा घरांकडे वळला, ग्राहकांचा 'क्लब' काढला गेला, आणि मग ती चालली. दळ, माप, ताजेपणा, सारे कारखान्यात ठरलेले. घरच्या माणसाने बटण दाबायचे. दर वेळी तीच चव, आणि ती वाईट नसते, हे मान्य केले पाहिजे. कॅप्सूल ॲल्युमिनियमची असते. श्नॅपची प्रेमकथा तिथे पुढे चालू राहिली, फक्त मोका पन्नास वर्षे टिकते आणि ही एका कपात संपते. यंत्र तुमचे, पण त्यात घालायची कॉफी बराच काळ एकाच कंपनीकडून घ्यावी लागे. २०१२ च्या सुमारास मुख्य पेटंटांची मुदत संपली आणि इतरांच्या कॅप्सूल आल्या, तरी मूळ करार तोच राहिला: ज्ञान कंपनीकडे, बोट तुमचे. आजारी माणसाच्या घरात, तान्ह्या मुलाच्या आईसाठी हा करार मला पूर्णपणे समजतो. साहित्य शिकवणाऱ्या निरोगी माणसाने तो का करावा, हे कळत नाही. सारांशपुस्तिका वाचून परीक्षा देण्याविरुद्ध आपण वर्गात जे बोलतो, ते इथे आठवत नाही का?

कॉफीच्या बियांबद्दल थोडे बोलले पाहिजे, कारण या कथेत आपण केवळ उशिरा आलेले गिऱ्हाईक नाही. भारतीय कॉफीच्या परदेशी खरेदीदारांत इटली कित्येक वर्षे अग्रस्थानी राहिली आहे. आपल्या पिकात निम्म्याहून पुष्कळ अधिक रोबस्टा असते, आणि इटालियन मिश्रणांना दाट साय हवी असते ती बऱ्याच अंशी रोबस्टामुळे येते. सह्याद्रीच्या दक्षिण उतारांवर, चिकमगळूर-कोडगूकडे पिकलेली बी इटलीत जाऊन कपावर साय धरते. किनाऱ्यावरच्या गोदामांत पावसाळी वाऱ्यावर फुगवलेली 'मॉन्सून्ड मलबार' ही तर खास तिकडच्या मिश्रणांसाठीच ओळखली जाते. शिडाच्या जहाजांच्या काळात लांबच्या प्रवासात दमट हवेने बिया फुगत, युरोपला ती चव आवडली, म्हणून पुढे ती मुद्दाम घडवली गेली. आणि इकडे आपण? कॉफी बोर्डाच्या व्यवस्थेत मळेवाल्याला आपले पीक बोर्डाच्या सामाईक साठ्यात द्यावे लागे. हे बंधन १९९० च्या दशकात, १९९६ पर्यंत टप्प्याटप्प्याने उठले. त्यानंतर कुठे एखाद्या मळ्याच्या नावाने, भाजल्याची तारीख छापलेली कॉफी पुणे-मुंबईत मिळू लागण्याची वाट मोकळी झाली. घरगुती एस्प्रेसो-यंत्राला त्याआधी आपल्याकडे अर्थच नव्हता. दाबायचे काय, हाच प्रश्न होता.

मैत्रिणीला मी अखेर जे सांगितले ते असे. तुझ्या कागदावर ग्राइंडरचा रकाना नाही. अर्धे पैसे त्यात घाल, कारण नऊ बारला अडवणारी भुकटी एकसारखी बारीक दळलेली नसेल तर पाणी चोरवाट शोधते, आणि मग कोणत्याही यंत्राचा इलाज चालत नाही. चाळणी एकाच तळाची मिळते का विचार. तुमच्याकडे बोअरचे पाणी आहे. ते घालू नकोस, क्षार बसून वर्षात बॉयलर चोंदेल. सुट्या भागांसाठी माणूस इथे मिळतो का ते यंत्राच्या देखणेपणाआधी पाहा. तरफयंत्र तुला आवडेल, पण तू ते घेऊ नकोस. तुझ्या घरी सकाळी चार माणसे कॉफी पितात आणि तिसऱ्या कपाला ते रुसेल. कॅप्सूलबद्दल मी काय बोललो ते वर आलेच आहे. आणि पैसे आत्ता नसतील तर मोका आणि हातचा ग्राइंडर घे. ती दाबाच्या बाबतीत खोटे बोलते, पण प्रेमाने.

तिने एका बॉयलरचे पंपयंत्र घेतले, ग्राइंडरही घेतला. परवा तिच्याकडे गेलो होतो. तिचे वडील निवृत्त पोस्टमास्तर आहेत. त्यांनी मला बसवले आणि स्वतः उठून यंत्राशी गेले. त्यांनी चाळणीला हात लावला नाही. वाफेचे बटण दाबले, दिवा लागेपर्यंत शांतपणे थांबले, स्टीलच्या भांड्यात दूध, साखर आणि इन्स्टंट कॉफीचा चमचा घालून नळी आत बुडवली. तो ओळखीचा आवाज स्वयंपाकघरभर झाला. फेस काठापर्यंत आल्यावर त्यांनी फडताळातून चॉकलेटच्या भुकटीचा डबा काढला, वरून चिमूटभर टाकली आणि कप माझ्या हातात देत म्हणाले, "घ्या. आमच्या एस्प्रेसोला हिचे हे यंत्र फारच उत्तम आहे."